कपालभातीनंतर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात: थांबू की चालू ठेवू?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही दिसेल. वय ५६. बीपीची एक गोळी गेली चार वर्षं चालू. तीन आठवड्यांपूर्वी घराजवळच्या बागेत सकाळी जमणाऱ्या गटात जायला लागलात. तिथे सलग १५ मिनिटं कपालभाती (पोटाच्या झटक्यानं श्वास बाहेर टाकणं), लगेच ५ मिनिटं भस्त्रिका (श्वास घेणं आणि सोडणं, दोन्ही जोरानं) आणि मग ४-१६-८ या मोजणीनं अनुलोम-विलोम, म्हणजे आळीपाळीनं एकेका नाकपुडीनं चार आकडे श्वास घेणं, सोळा आकडे तो कोंडून थांबणं (हाच कुंभक) आणि आठ आकड्यांत सोडणं. पहिल्या आठवड्यापासूनच करता करता गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, दुपारपर्यंत डोकं जड राहतं. गटातले जुने लोक म्हणतात, 'शरीरातली घाण बाहेर पडतेय, महिनाभर सोसा.' घरचे म्हणतात, बंद करा. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'कुंभक मात्र मस्त जमायला लागलाय, सोळा आकडे आरामात थांबतो.' मला सगळ्यात जास्त काळजी या शेवटच्या वाक्याची वाटली. त्याच्याकडे येतेच.

आधी उत्तर. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक ही तिन्ही उद्यापासून थांबवा. प्राणायाम थांबवू नका. तुमच्या घरच्यांचं अर्धं बरोबर आहे, गटाचंही थोडं बरोबर आहे. चुकतंय ते प्रमाण आणि क्रम.

मी डॉक्टर नाही. गेली चोवीस वर्षं योगवर्ग घेते, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसांचे, आणि त्यातल्या निम्म्यांच्या पिशवीत कसली तरी गोळी असतेच. त्यामुळे इथून मला काय सांगता येत नाही तेही सांगते. तुमची चक्कर श्वासाचीच आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ती बसल्या बसल्या, झटके चालू असताना येत असेल आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत जात असेल, तर बहुधा श्वासाची. चटईवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपीच्या गोळीकडे बघायला हवं. गोळीची वेळ किंवा मात्रा डॉक्टर बदलतील, तुम्ही मनानं बदलू नका. मान वळवली, कूस बदलली की घर फिरतंय असं वाटत असेल तर कानाचा भाग असू शकतो. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी जात असाल (तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण विचारलेलं बरं) तर साखर उतरल्याचीही चक्कर असते. आणि छातीत दुखणं, दम लागून बोलता न येणं, एका बाजूचा हातपाय जड पडणं, जीभ अडखळणं यातलं काहीही झालं तर योगशिक्षकाला विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आता मुंग्यांबद्दल. चक्कर, मुंग्या, जड डोकं हे त्रिकूट इतकं ओळखीचं आहे की वर्गात नवीन माणसाच्या चेहऱ्यावरून मला ते दुरून कळतं. आपल्याकडे समज असा की जोरजोरात श्वास घेतला की जास्त ऑक्सिजन मिळतो. कोविडच्या दिवसांत आपण सगळ्यांनीच बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितलाय. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असतानाही आकडा ९६-९८ दाखवतो. म्हणजे भांडं आधीच काठोकाठ भरलेलं आहे, त्यात वरून ओतायला जागा फारशी नाही. जोरजोरात श्वास केल्यानं खरा बदल होतो तो उलट्या बाजूनं: कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. आपण त्याला टाकाऊ वायू म्हणून शाळेत शिकलो, पण रक्तात तो ठरावीक प्रमाणात लागतोच. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि गरगरतं. रक्ताचा आम्लपणा कमी होतो, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, नसा चाळवल्या जातात आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. फारच ताणलं तर बोटं आखडून येतात. मेंदूचा आलेख काढतात तिथे रुग्णाला मुद्दाम तीन मिनिटं खोल आणि भरभर श्वास घ्यायला लावतात, कारण लपलेली फिट त्यानं वर येऊ शकते. तिथे हे तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली तीन मिनिटं चालतं. तुम्ही वीस मिनिटं करताय.

'घाण बाहेर पडतेय' हे मीही पूर्वी ऐकलंय आणि, खरं सांगायचं तर, पहिल्या एक-दोन वर्षांत बोललेही आहे. त्याला आधार नाही. घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मुंग्या म्हणजे शरीर 'पुरे' म्हणतंय, एवढाच त्याचा अर्थ.

आता ते सोळा आकडे. जोरात कपालभाती-भस्त्रिका झाल्यावर कुंभक सोपा जातो, हे तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. पण तो का सोपा जातो? श्वास कोंडल्यावर जीव कासावीस होतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू 'श्वास घे' असा धोशा लावतो, म्हणून. तुम्ही आधी वीस मिनिटं तो वायू उपसून टाकलात, म्हणजे घंटा वाजवणाऱ्यालाच झोपवलंत. मग सोळा काय, पंचवीसही आरामात निघतील, आणि वाटेल की आपली क्षमता वाढली. पोहणारी मुलं पाण्याखाली जास्त वेळ राहायचं म्हणून आधी भराभर श्वास घेतात, मग सूर मारतात आणि काही जण खालीच बेशुद्ध होतात. घंटा वाजायच्या आधी ऑक्सिजन संपलेला असतो. तुम्ही चटईवर आहात, बुडणार नाही. पण फसवणूक तीच. त्यात बीपी. श्वास भरून, पोट-छाती आवळून थांबलं की छातीतला दाब वाढतो, रक्तदाब वरखाली होतो. शिवाय ४-१६-८ म्हणजे २८ आकड्यांचा एक श्वास. आकडा सेकंदाचा धरला तर मिनिटाला जेमतेम दोन श्वास. तीन आठवड्यांत कोणाचाही श्वास खऱ्या अर्थानं तिथे पोचत नाही. १:४:२ हे प्रमाण जुन्या परंपरेतलं आहे, पण ते शेवटच्या पायरीवरचं.

माझंच सांगते. पंचविशीत योगशिक्षणाची परीक्षा द्यायची होती. बरोबरच्या मुली वीस-वीस आकडे थांबायच्या, मला बारालाच धाप लागायची. मग घरी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून रोज एक-एक आकडा वाढवायला लागले. महिन्याभरात वीसवर आले. त्याच महिन्यात झोप उडाली, छाती धडधडायला लागली, आईशी खटके उडायला लागले. मी त्याचा संबंध परीक्षेशी लावला. एकदा शिकवणाऱ्या बाई माझ्या मागे येऊन बसल्या. दोन-तीन आवर्तनं झाल्यावर म्हणाल्या, 'कुंभक दिसत नाही गं मला, पण तुझा पुढचा श्वास ऐकू येतोय.' मी श्वास सोडल्यावर पुढचा श्वास हिसका मारून घेत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

गेली चोवीस वर्षं मी प्रमाणाची हीच एक कसोटी वापरते आणि तुम्हालाही तीच देते. तुम्ही किती आकडे थांबलात ते बघू नका, त्याच्या पुढचा श्वास कसा आला ते बघा. तो सावकाश, नाकानं, आवाज न होता आला तर आत्ताचं प्रमाण तुम्हाला पेलतंय. तो ओढून घ्यावा लागला, खांदे उचलले गेले, तोंड उघडलं, तर मागचं आवर्तन जास्त झालं. दोन आकडे कमी करा. हा निकष विशीतल्याला आणि सत्तरीतल्याला सारखाच लागू पडतो, कारण मोजमाप बाहेरून येत नाही. फक्त आधी जोरजोरात झटके मारले असतील तर घंटाच झोपलेली असते, तेव्हा तो फसतो, आणि बीपी किती चढलं ते त्यातून कळत नाही. गटात नेमकं उलटं होतं. पुढे बसलेला माणूस टाळी वाजवतो किंवा मोठ्यानं आकडे म्हणतो आणि चाळीस जणांची फुफ्फुसं त्याच्या तालावर चालतात. त्याचा श्वास दहा वर्षं मुरलेला, तुमचा तीन आठवड्यांचा.

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात हे फार स्पष्ट सांगितलंय. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळूच माणसाळतात तसाच प्राणवायूही हळूहळू वश करायचा, नाहीतर तो साधकालाच मारतो. आणि लगेच पुढे चुकीच्या अभ्यासानं होणाऱ्या तक्रारी मोजल्यात: उचकी, दमा, खोकला, डोकं, कान आणि डोळे दुखणं. पंधराव्या शतकातल्या माणसानं तुमचं जड डोकं यादीत टाकून ठेवलंय. त्याच ग्रंथात कपालभाती प्राणायामात नाहीच. ती धौती, बस्ती, नेती यांच्या रांगेत, षट्कर्मात आहे. म्हणजे शुद्धिक्रिया, आणि मेद-कफ फार असलेल्यांनी आधी ती करावी, इतरांना गरज नाही असंही म्हटलंय. घर झाडायचं काम आपण रोज पंधरा मिनिटं करत नाही का, करतो. पण झाडूनच जेवणाची पंगत उठवत नाही. तुमच्या सकाळच्या वेळेतला मोठा भाग झाडण्यातच जातोय.

आणि ते झाडणंही कसं चाललंय, हा वेगळा प्रश्न. कपालभातीत मुद्दाम करायचा तो फक्त उच्छ्वास: ओटीपोट झटक्यानं आत, हवा बाहेर. श्वास आपसूक आत येतो, घ्यायचा नसतो. छाती स्थिर, खांदे स्थिर, चेहरा झोपेतल्यासारखा सैल. असा झटका लहान असतो. आपण एरवी जी अर्धा लिटर हवा आत घेतो त्यातली दीडशे मिलिलिटर तरी नाक, घसा, श्वासनळीतच राहते, फुफ्फुसाच्या आतल्या पिशव्यांपर्यंत पोचतच नाही. झटका लहान असेल तर बरीचशी हलवाहलव या वरच्या भागातच होते आणि कार्बन डायऑक्साइड फार जात नाही. म्हणून नीट केलेल्या वीस-तीस झटक्यांनी कोणी गरगरत नाही. तुम्हाला गरगरतंय म्हणजे बहुतेक तुम्ही प्रत्येक झटक्यात श्वास ओढूनही घेताय, छातीसकट. ती कपालभाती राहिली नाही, भस्त्रिका झाली. सेकंदाला एक झटका धरला तरी १५ मिनिटांत ९०० होतात. रोज गेला असाल तर तीन आठवड्यांत जवळपास १९ हजार. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००४ साली 'चेस्ट' या नियतकालिकात एका २९ वर्षांच्या निरोगी बाईची नोंद छापली होती. कपालभाती फार जोर लावून केल्यावर तिच्या फुफ्फुसाबाहेर हवा साठली होती. असं क्वचितच होतं, घाबरवायला सांगत नाहीये. पण 'प्राणायामानं अपाय होऊच शकत नाही' असं कोणी म्हणालं तर निदान एवढं तरी ठाऊक असावं.

मग करायचं काय? पहिला आठवडा काहीच 'करायचं' नाही. सकाळी घरी, पाठीवर झोपा, गुडघे वाकवलेले, एक हात पोटावर, एक छातीवर. सात-आठ मिनिटं कोणता हात आधी हलतो ते नुसतं बघा. बदलायला जाऊ नका. तुम्हाला वाटेल, ही काय साधना! पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांच्या परंपरेत नवशिक्याचा प्राणायाम आडवं झोपून, पाठीखाली घडीचं ब्लँकेट घेऊनच सुरू होतो, आणि तोही आसनं मुरल्यावर. योगसूत्रांतही क्रम तोच आहे, आधी आसन, ते स्थिर झाल्यावर प्राणायाम. ज्याला दहा मिनिटं कमरेला बाक न काढता बसता येत नाही त्याची छाती दबलेलीच राहते, मग श्वास दीर्घ होणार कुठून? मांडी जमत नसेल तर खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकवून. कमीपणा मानू नका. माझ्या वर्गात मागची भिंत खुर्च्यांनीच भरलेली असते.

दुसऱ्या आठवड्यापासून बसून, चार आकडे श्वास, चार आकडे उच्छ्वास. मध्ये थांबायचं नाही. आकडा तुमचा, घड्याळाचा नाही. पाच मिनिटं. पुढच्या श्वासाची कसोटी सलग आठवडाभर उतरली की उच्छ्वास सहापर्यंत न्या. आकडे सेकंदांच्या जवळ आले तर मिनिटाला सहा श्वास होतात, आणि या गतीचं काहीतरी विशेष आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं की लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणा किंवा 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणा, श्वास साधारण मिनिटाला सहावर येतो आणि रक्तदाबातल्या बदलांना हृदय जास्त चांगला प्रतिसाद देतं. आमच्या वर्गात येणाऱ्या एक आजी रोज हरिपाठ मोठ्यानं म्हणतात, एका दमात एक चरण. त्यांना ४-६ शिकवावंच लागलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अनुलोम-विलोम, कुंभकाशिवाय, पाच आवर्तनं, सावकाश वाढवत दहा मिनिटं. नाकाचं हाड दाबू नका. हाड संपतं तिथल्या मऊ भागावर अंगठा आणि अनामिका नुसती टेकवायची. एक नाकपुडी बंद असेल तर भांडायचं नाही. नाकपुड्या दिवसभर आळीपाळीनं कमी-जास्त मोकळ्या होत असतात. डावी बंद असेल तर चार मिनिटं उजव्या कुशीवर पडा, बहुधा उघडते. सर्दी असेल त्या दिवशी सुट्टी. शेवटी पाच वेळा भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. बीपीच्या माणसांसाठी मला हा प्रकार सगळ्यात आवडतो, कारण गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, मोजायची कटकटच नाही, आणि जोर लावला तर आवाज कापरा होऊन लगेच चहाडी करतो. मोठ्यानं गुणगुणायची स्पर्धा मात्र नको, शेजारच्या खोलीत ऐकू गेलं नाही तरी चालेल.

पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास. घोटभर पाणी चालतं. थंडीत बागेत पहाटे धूर आणि धूळ खाली बसलेली असते, कडेला कोणी पालापाचोळा जाळत असतो. तशा दिवशी खोल श्वास घरातच घ्यायचा, खिडकी उघडून. शीतली-सीत्कारी या प्राणायामांत श्वास तोंडावाटे घ्यायचा असल्यामुळे हवा गाळली जात नाही, त्यामुळे दमेकऱ्यांनी आणि धुळीच्या जागी नको.

तुमच्या गटात इतरही असतील म्हणून थोडक्यात: ग्लॉकोमा (काचबिंदू) किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास, हर्निया, पोटाचं अलीकडचं ऑपरेशन, हृदयविकार, फिट, गरोदरपण यात कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक नको, पाळीच्या दिवसांतही झटके नकोत असंच मी शिकवते. घाबरेपणाचे झटके येणाऱ्यांना भस्त्रिकेनं तो झटका तिथल्या तिथे येऊ शकतो. लोक सांगत नाहीत हीच अडचण. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे दोन महिने येत होते. कपालभाती सुरू झाली की एक हात मांडीवर आणि दुसरा हळूच जांघेत. विचारलं तर म्हणायचे, गॅस आहे. होता हर्निया.

कपालभाती कायमची सोडा असं मी म्हणत नाही. तीन महिने वरचं झालं, बीपी आटोक्यात आहे आणि तुमच्या डॉक्टरांची हरकत नाही, तर कोणा जाणत्यासमोर बसून वीस झटके, सेकंदाला एक, मग मिनिटभर शांत, आणि असे दोनच फेरे. तोवर घरच्या यंत्रावर बीपी लिहून ठेवा, पाच मिनिटं स्वस्थ बसून, रोज एकाच वेळी. पंधरा दिवसांचा कागद डॉक्टरांना नेऊन दाखवा, आणि चक्कर कधी येते तेही सांगा. आकडे उतरले म्हणून गोळी आपण होऊन बंद केलेली दोन माणसं मी पाहिली आहेत, दोघांनाही महाग पडलं.

गटही सोडू नका. सकाळी सहाला चाळीस माणसं भेटतात, हसतात, कोण आजारी आहे ते कळतं, हे काही थोडं नाही. फक्त पुढच्या गृहस्थांना एकदा बाजूला घेऊन सांगा, 'बीपीमुळे मला झटके आणि कुंभक मना केलेत, मी मागे बसून माझ्या मोजणीनं करतो.' बहुतेक जण हो म्हणतात. आणि मागच्या रांगेत बसलात की बघा, महिन्याभरात आणखी दोघंतिघं चटई उचलून तुमच्या शेजारी येतात की नाही.